हळदीचं बोट

फोटो उघडला तेव्हा चेतन सुरतेत बमरोलीच्या नाक्यावर चहाचा पहिला घोट घेत होता, आणि तो घोट त्यानं तसाच थुंकला. एका गोऱ्या पोराचं मनगट होतं. त्यावर बोराएवढा पिवळा ठसा गोंदलेला. कुणीतरी ओल्या हळदीत बोट बुडवून हलकेच टेकवावं तसा. खाली मार्टिननं, कारखान्याच्या नॉर्वेतल्या गिऱ्हाइकानं, लिहिलं होतं, ‘बघ, आपल्या एलियासनं काय केलंय! आंटी आता जन्मभर त्याच्याबरोबर. तिला नक्की दाखव.’ आंटी म्हणजे प्रमिलाबाई. चेतनची माय. ती माघातच गेली होती, आणि ही गोष्ट मार्टिनला ठाऊक नव्हती, कारण चेतननं सांगितलीच नव्हती. टपरीवाल्यानं विचारलं, ‘सू थयुं, भाई?’ चेतन म्हणाला, काही नाही, चटका बसला. मग मोबाइल पालथा करून त्यानं उरलेला चहा गार होईपर्यंत तसाच हातात धरला. मायच्या हातावरही गोंदण होतं, हिरवं, तुळशीचं. ती म्हणायची की माणूस गेलं की सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं. म्हणजे उद्या तिकडच्या बर्फात तो पोरगा म्हातारा होऊन मरेल तेव्हा मायचं बोट घेऊन जाईल. आणि आपल्याकडे काय आहे, असं त्याच्या मनात आलं. आधार कार्डावरचा तो फोटो, ज्यात ती कुणीतरी दुसरीच दिसते.

कारखान्यात शिरलं की अंगावर आधी वाफ यायची. बाहेर वैशाखाचं ऊन, आत इस्त्रीच्या टेबलांची वाफ, आणि त्या घामाच्या चिकचिकाटात शिवायची कसली, तर बर्फात घालायची जॅकेटं! धुळे-नंदुरबारकडच्या, ओरिसाच्या, उत्तर प्रदेशच्या बायाबापड्या, ज्यांनी बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर, त्या कपाळाचा घाम बाहीला पुसत अस्तरं जोडायच्या. चेतन इथला मर्चंडायझर, म्हणजे परदेशातलं गिऱ्हाईक आणि इथली शिलाई यांच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडच्या शिव्या खाणारा माणूस. बाप, गोपाल, लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात, उभं राहून राहून बहिरा झाला आणि मग गेलाच. माय या कारखान्यात धागे कापायला लागली ती त्यानंतर. चेतन कॉलेज करून त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर, एसीत बसायला आला, तेव्हा ती खालच्या मजल्यावर होतीच. खाली कामाला गेला की तो तिला सगळ्यांसारखं ‘प्रमिलाबाई’ म्हणायचा. तिनंच तसं सांगितलं होतं. साहेबानं कामगाराला माय म्हटलं तर बाकीच्या बायांना काय वाटेल, म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं की तिनं त्याची सोय पाहिली, हे त्यानं कधी विचारलं नाही. आता खाली गेलं की तिच्या टेबलावर बसणारी नवी बाई ओढणीत तोंड पुसून त्याला ‘नमस्ते सर’ म्हणते, आणि त्याला दर वेळी वाटतं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो.

मार्टिनची कंपनी म्हणजे तरी काय, नॉर्वेतल्या एका डोंगराळ गावातले चार मित्र आणि एक गाळा. नाव ठेवलेलं ‘स्लो क्रो’, संथ कावळा, आणि जॅकेटच्या छातीवर कावळ्याचं चित्र. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून सुसाट खाली यायचं, उंचवट्यावरून हवेत उडायचं, उलट्या-सुलट्या कोलांट्या घ्यायच्या, नाहीतर जिन्याच्या लोखंडी कठड्यावरूनच घसरत जायचं, आणि दहातून आठदा थोबाडावर आपटायचं, अशा खेळातल्या पोरांसाठी ती जॅकेटं होती. ढगळ, दोन माणसं मावतील अशी. मोठ्या कंपन्या जिंकणाऱ्यांना कपडे फुकट द्यायच्या. मार्टिन आपटणाऱ्यांना द्यायचा. ज्याचा गुडघा फुटला, ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्या घरी जॅकेट जायचं, आणि त्यांच्या व्हिडिओत उडी जमली ते कमी, पडले तेच जास्त असायचं. चेतनला सुरुवातीला हा वेडाचार वाटला होता. सुरतच्या बाजारात मीटरमागे दोन आणे कमी मिळाले की तीस वर्षांचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाची पायरी चढतं. आणि इथं ही पोरं फाटलेलं जॅकेट फेकायचीच नाहीत, ठिगळ लावून घालायची, ठिगळाचा फोटो टाकायची. कुणी चांगला खेळू लागला, मोठ्या कंपनीनं बोलावलं, तरी कावळा सोडायचा नाही. का सोडत नाहीत, याचा विचार चेतननं रिकाम्या वेळी पुष्कळ केला होता. त्याला एवढंच सुचलं की आपण आपटलो तेव्हा हे लोक बघत होते आणि हसले नाहीत, हे ती पोरं विसरत नसावीत. हे सुचलं त्या दिवशी त्याला उगाचच रडू आल्यासारखं झालं होतं, आणि तो तोंड धुऊन आला होता.

मायला मात्र तो कावळा मुळीच पटला नव्हता. पहिली जॅकेटं तिच्या टेबलावर आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिनं चेतनला जिन्यात गाठलं आणि आपल्या अहिराणीत विचारलं, ‘हाऊ कावळा शे?’ तो म्हणाला, हो. ‘पितरंस्नं पाखरू, आनि छातीवर? कोन्या मायनं लेकरू हाई घालीसन फिरी?’ चेतन हसला. त्यानं मोबाइलवर तिला व्हिडिओ दाखवला. ती डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. पोरगं पांढऱ्या रानात उलटं झालं, तिनं पदर तोंडात धरला. पोरगं आपटलं, तिच्या तोंडून ‘आरे देवा!’ निघालं. जॅकेटच्या आतल्या छोट्या खिशाबद्दल तिनं विचारलं, तर तो म्हणाला, वर जायच्या पाळण्याचा पास असतो, तो ठेवायला. पाळणा तिला कळला, सप्तशृंगीच्या गडावर आता तसंच झालंय म्हणाली. ‘वर काय शे? देवी शे का?’ नाही गं, काही नाही, वर जातात आणि घसरत खाली येतात. ‘मंग कशाले जातस?’ ती बराच वेळ मान हलवत जिन्यात बसून राहिली, आणि भोंगा झाला तशी उठली.

मग दोन-तीन महिन्यांनी मार्टिनचा मेल आला, सोबत फोटो. आतल्या खिशाच्या अस्तरावर पिवळा डाग. एक्सपोर्टच्या मालात डाग म्हणजे बोंबच! तो धाडधाड खाली गेला. पण तो विचारायच्या आधीच ओळखून चुकला होता, कारण तो डाग त्याच्या ओळखीचा होता. शाळेचा युनिफॉर्म, दिवाळीचा शर्ट, लग्नातला सूट, नवं काही म्हणून अंगावर चढायच्या आधी माय त्याच्या आतल्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावायची. कोरं कापड आंगवर घालू नही, भाऊ. बोट लावलं की कापड आपलं होतं, नाहीतर ते कुणाचंही असतं. ‘प्रमिलाबाई, हे काय आहे?’ सगळ्यांसमोर त्यानं मोबाइल पुढे केला. तिनं चष्मा लावला, पाहिलं, आणि चोरी पकडल्यासारखी नाही, उलट चांगलंच केल्यासारखी म्हणाली, ‘मीच लावं.’ अगं, हे परदेशात जाणारं काम आहे. ‘म्हनीसनच लावं. दूर जाई ऱ्हायनं ना ते.’ घरून पुडीत हळद आणायची, तेलाचा एक थेंब घालायची, आणि आपल्या टेबलावरून जाणाऱ्या जॅकेटांना, जेवढ्यांना जमेल तेवढ्यांना, बोट टेकवायची. इस्त्रीवाला धुडकूआबा हे बघायचा आणि गालात हसायचा. चेतननं कपाळाला हात लावला. वर जाऊन मेलचा उरलेला भाग वाचला, तेव्हा मार्टिननं लिहिलं होतं, ‘तक्रार नाही. पोरं विचारतायत, हे कोण आहे? त्याचे आभार मानायचेत.’

चेतननं कळवलं, इथं धागे कापणारी एक आंटी आहे, आणि तेव्हापासून ते सुरू झालं. दुकानात जॅकेट उचललं की पोरं आधी आतला खिसा उलटा करून बघायची. बोट निघालं की आरडाओरडा. ज्याच्या खिशात बोट, ते एकमेकांना भाऊ म्हणवून घेऊ लागले. उडीच्या आधी खिशावर हात ठेवायचा, अशी रीतच पडली. ठसा जाईल म्हणून ते जॅकेट धुवेनात. सूर्यप्रकाशात हळद उडते, पण आतल्या अंधाऱ्या खिशात ती टिकते, हे त्यांना आपोआप समजलं होतं. मार्टिन प्रत्येक मेलच्या शेवटी विचारायचा, ‘आंटी कशी आहे?’ चेतन लिहायचा, ‘आंटी मजेत आहे.’ पुढे पुढे ही दोन वाक्यं नसली तर मेल पुरा झाल्यासारखा वाटेना. माय दवाखान्यात होती तेव्हाही त्यानं तेच लिहिलं. छातीत पाणी झालं होतं, नळी लावलेली होती, आणि तो कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून लिहीत होता, आंटी मजेत आहे. ती गेल्यावर पहिला मेल आला तेव्हा त्याची बोटं कळफलकावर नुसती थांबली. सगळीकडे सांगून झालं होतं. बँकेत, रेशनच्या दुकानात, गावी, सोसायटीत. सांगायची एकच जागा उरली होती, आणि तिथं ती अजून होती, पुडीतून हळद काढत बसली होती. त्यानं लिहिलं, ‘मजेत आहे.’ खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. वाटलं, तिला अजून एक दिवस दिला.

दहाव्याला तापीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोकांचे हात जोडूनही झाले नव्हते. गावचे नातेवाईक म्हणाले, समाधानानं गेली, काही इच्छा मागं राहिली नाही. चेतनला मात्र तेव्हापासून टोचणी लागली. काही आश्वासन द्यावं, पोरीला शिकवीन म्हणावं, घर बांधीन म्हणावं, असं त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं, आणि तिनं मागितलंच नाही. घरी येऊन त्यानं कपाट उपसलं. आपले शर्ट उलटे करून कॉलरी, खिसे, कोपरे बघितले. एकावरही बोट नव्हतं. सगळे शंभरदा धुतलेले. साबण लागला की हळद आधी लाल होते आणि मग जाते, आणि वर्षा, त्याची बायको, कपडे धुण्यात कधी कुचराई करत नव्हती. वर्षानं विचारलं, ‘काय शोधताय?’ तो म्हणाला, काही नाही.

आणि आता या गोंदणाच्या फोटोमागोमाग मार्टिनचा मोठा मेल आला. या हिवाळ्यासाठी थोडीच, खास जॅकेटं काढायची. प्रत्येकात आंटीचं बोट. छापलेलं नको, पोरं ओळखतील, खरं पाहिजे. पहिलं जॅकेट एलियासला. जमलं तर आंटीच्या हाताचा एक फोटो. भूपेंद्रभाईंनी, म्हणजे मालकांनी, केबिनमध्ये बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. मायच्या मयताला स्मशानापर्यंत आला होता. त्यानं पंखा मोठा केला, पाणी पुढं सरकवलं. ‘चेतनभाई, आंगळी एटले आंगळी. त्यां बरफमां कोण जोवानुं?’ कुणाचंही बोट लावा, तिकडे बर्फात बघतंय कोण, असं त्यांचं म्हणणं. चेतन म्हणाला, शेठ, मी त्यांना खरं कळवतो. भूपेंद्रभाईंनी खुर्ची मागं सरकवली. मग खालच्या मजल्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘कळवा. पण ते तिकडचे लोक बोटासाठी येतात, शिलाईसाठी नाही. बोट गेलं तर ते पण जशे. पछी शुं, लाइन बंध थई जशे. मग त्या बायांना तुम्हीच जाऊन सांगा.’ चेतन उठला. जिना उतरताना त्याला वाटलं, शेठनं आपल्याला पेचात टाकलं नाही, सोडवलं. बायांचं नाव पुढं करून आपल्याला जे हवं होतं तेच करायला सांगितलं. तिला मरू द्यायचं नव्हतं, एवढंच हवं होतं.

जॅकेटं तयार झाली त्या दिवशी त्यानं घरून हळद आणली. मायचाच डबा, तळाशी उरलेली. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले, तेव्हा तो तिच्या टेबलाशी, तिच्या लाकडी स्टुलावर बसला. स्टूल बुटकं होतं, गुडघे छातीशी आले. वाटीत हळद, तेलाचा थेंब. पहिला ठसा फार जाड पडला, पसरला. धुडकूआबा इस्त्री बंद करून जवळ येऊन उभा राहिला होता. ‘दाबू नको रं,’ तो म्हणाला, ‘ती दाबत नव्हती, टेकवत होती.’ मग तो बाहेर निघून गेला. चेतन टेकवू लागला. एकेक जॅकेट ओढायचं, खिसा उलटा करायचा, बोट टेकवायचं. हळदीचा तो कच्चा, मातकट वास नाकात गेला, आणि त्याबरोबर मांडवातली ओली चटई, चुलत्याच्या हातातलं आंब्याचं पान, अंगाला हळद फासताना मायचे खरखरीत तळवे, असं काय काय वर आलं. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण प्रत्येक बोटाबरोबर काहीतरी पुटपुटतोय. नीट ऐकलं तर ते ‘पडू नको, पडू नको’ असं होतं. त्याला लाज वाटली नाही. पुष्कळ महिन्यांनी पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपण तिच्या जवळ बसलोय. शेवटचं जॅकेट झालं तेव्हा बाया परत येत होत्या. त्यानं पटकन बोट पँटला पुसलं आणि साहेब होऊन उभा राहिला. पँटवरचा डाग वर्षानं रात्री साबणानं काढला, लाल होऊन गेला. हाताचा फोटो मात्र त्यानं पाठवला नाही. लिहिलं, आंटी लाजते.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, तिकडे बर्फ पडू लागला. माल पोचल्याचा मेल आला, पोरं रांगा लावून उभी असल्याचे फोटो आले, खिसे उलटे करून दाखवणारे, हसणारे. कुणाला काही कळलं नव्हतं. भूपेंद्रभाईंनी पेढे वाटले. चेतनला हायसं वाटायला हवं होतं, पण त्याऐवजी एक बारीकशी निराशा पोटात बसून राहिली. फसली होती ती पोरं. माय नव्हती आणि त्यांना फरक पडला नव्हता. म्हणजे तिकडेही ती गेलीच की. घरी धनश्रीला, त्याच्या मुलीला, शाळेचा नवा स्वेटर आला. ती तो घालून आरशासमोर उभी राहिली, ‘पप्पा, केवुं लागे छे?’ म्हणाली, आणि चेतन ‘छान’ म्हणून गेला. कोरा घातला, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा ती शाळेत पोचलेली होती.

मग एका रविवारी दुपारी, जेवण करून तो गॅलरीत लवंडला असताना, मोबाइल वाजला. मार्टिन नव्हता. एलियासनं स्वतः, थेट लिहिलं होतं. त्याचं इंग्रजी चेतनसारखंच, मोडकं. ‘जॅकेट मिळालं. थँक्यू. पण एक विचारू? हे बोट तिचं नाही. यात रेषा फार आहेत. माझ्या जुन्या जॅकेटात तिच्या बोटाला जवळजवळ रेषाच नव्हत्या, एक तिरकी चीर फक्त. मी रोज बघतो ना. मी बाकी कुणाला बोललो नाही. ती बरी आहे ना?’

चेतन उठून बसला. त्यानं तो जुना फोटो शोधला, मनगटाचा, आणि बोटांनी ताणून मोठा केला. पिवळा, सपाट, गुळगुळीत ठसा, मध्ये एक तिरकी रेघ. हा फोटो त्यानं किती वेळा पाहिला असेल, आणि दर वेळी त्याला वाटलं होतं, गोंदणाऱ्याला बारीक रेषा काढता आल्या नसतील. ‘वर्षा,’ त्यानं हाक मारली, ‘मायच्या बोटांना रेषा नव्हत्या?’ वर्षा भांडी पुसत दाराशी आली. ‘कुठल्या राहतील? इतकी वर्षं धागे ओढून ओढून गुळगुळीत झालेली. दवाखान्यात मी तेल लावायचे ना त्यांच्या हाताला. या पहिल्या बोटाला चीर होती कात्रीची, ती कधी भरलीच नाही. का हो?’ आणि मग त्याला रेशनचं दुकान आठवलं. माय मशीनवर अंगठा ठेवायची, लाल दिवा लागायचा. पदराला पुसून परत ठेवायची, परत लाल. मागची रांग कुरकुरायची. दुकानदार म्हणायचा, बीजी आंगळी मूको, दुसरं बोट ठेवा. सगळी बोटं झाली तरी लाल. चेतन शेजारी उभा असायचा, घड्याळ बघत, आणि ती त्याच्याकडे वळून कसनुसं हसून म्हणायची, ‘त्या मशीनले मन्ही वळखच नही, भाऊ.’ तिच्या बोटाला काय झालंय, ते त्यानं एकदाही हातात घेऊन बघितलं नव्हतं. तिकडे बर्फात कुणाचा कोण पोरगा रोज ते बघत होता.

वर्षा अजून दारात उभी होती. ‘काय झालं? कोणाचा मेसेज?’ त्यानं उत्तराच्या जागी अंगठा ठेवला. आंटी एवढं लिहिल्याबरोबर मोबाइलनं पुढचे शब्द आपणहून मांडले, नेहमीचेच, मजेत आहे. नुसतं दाबायचं होतं. त्यानं ते पुसलं. मग इंग्रजीत दुसरं काही लिहायला गेला, पुसलं. मग कळायच्या आत बोटांनी आपल्याच अक्षरांत लिहिलं, ‘माय गई.’ हे दोन शब्द त्यानं आजवर तोंडानं उच्चारले नव्हते. फोनवर सगळ्यांना ‘आई वारली’ असं शहाण्यासारखं सांगितलं होतं. एलियासला ते वाचता येणार नव्हतं. चेतननं ते तसंच ठेवलं, आणि त्याखाली त्याला समजेल असं, मोडक्या इंग्रजीत, एक ओळ लिहिली, ‘जुनं जॅकेट धुऊ नकोस, माझ्याकडे तिचं काही नाही.’ पाठवलं. मग गॅलरीच्या कठड्याला धरून तो पहिल्यांदा मोठ्यानं रडला, आणि वर्षानं ओल्या हातानंच त्याची पाठ धरली.